चुना धरणारे शेवाळ आणि उलटा पडणारा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्री शेवाळ लावले की हवेतला कार्बन पकडला जातो, असे आता सरसकट बोलले जाते. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० ते २०२५ या काळासाठी शेवाळशेतीकरिता ६४० कोटी रुपये योजले गेले आणि या बोलण्याला जोर आला. त्यात अलीकडे एक नवी पुस्ती जोडली जाते. साधे शेवाळ कुजते आणि कार्बन परत जातो. पण चुना धरणारे हिरवे शेवाळ अंगातच दगड बनवते, दगड हजारो वर्षे टिकतो, म्हणून तो कार्बनचा पक्का साठा. ऐकायला बिनतोड वाटते. रसायनशास्त्रात मात्र यातली बेरीज वजाबाकी निघते. गोव्यात कुणी यावर कागद रंगवण्याआधी आणि पैसे लावण्याआधी हिशेब नीट मांडलेला असावा, म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

या शेवाळांत मुख्य नाव हॅलिमेडा. लक्षद्वीप, अंदमान-निकोबार आणि मन्नारचे आखात इथल्या उथळ, नितळ, उबदार पाण्यात ते आढळते. दिसायला कुंपणावरच्या फड्या निवडुंगाचे बाळरूपच: चपट्या हिरव्या चकत्या एकीच्या टोकावर दुसरी अशा जोडत गेलेल्या. त्यातल्या एका जातीचे नावही निवडुंगावरूनच ‘ओपुंशिया’ पडले. हात लावला की मात्र फरक कळतो. निवडुंग मांसल, हे खडखडीत. वाळवलेल्या वजनात चुनखडीचा वाटा जातीप्रमाणे आणि वयाप्रमाणे साधारण ६० ते ९० टक्के असतो. उडोटिया आणि पेनिसिलस ही त्याची जवळची भावंडे, निओमेरिस जरा लांबचे.

वाढण्याची रीत अशी. अख्खे रोप म्हणजे आतून आडपडदे नसलेल्या नळ्यांचे जाळे, एका अर्थी असंख्य केंद्रके असलेली एकच पेशी. नवी चकती रात्री फुटते, पांढऱ्या कोंबासारखी. पहाट व्हायच्या आत जुन्या चकत्यांतली हरितकणे नळ्यांतून सरकत तिच्यात येतात आणि ती हिरवी होते. चरणारे मासे रात्री झोपलेले असतात आणि कोवळ्या कोंबात कडू, विषारी द्रव्यही भरपूर असते, त्यामुळे हा नाजूक काळ बऱ्यापैकी निभावतो. चुना पहिल्या दिवशी बसत नाही. नळ्यांची फुगीर टोके चकतीच्या कडेला एकमेकांना चिकटून आतली पोकळी बंद होते, साधारण दीड दिवसाने, आणि मग त्या बंद जागेत काम सुरू होते. प्रकाशसंश्लेषणामुळे तिथला कार्बन डायऑक्साइड ओढला जातो, पाणी अल्कधर्मी होते आणि अरागोनाइट नावाच्या चुनखडीच्या सुया तिथे जमू लागतात. चकती जुनी होत जाते तशी ती या सुयांनी गच्च भरते.

वेग चकित करणारा आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या मधल्या भागात १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हॅलिमेडाचे वजन सुमारे १५ दिवसांत दुप्पट होताना दिसले, आणि एका चौरस मीटरमागे वर्षाला २,२३४ ग्रॅम चुनखडी तयार होते असा आकडा निघाला. त्याच रीफच्या उत्तरेला हॅलिमेडाच्याच चकत्या साचून बनलेल्या टेकड्या समुद्रतळावर पसरल्या आहेत. २०१६ मध्ये त्यांचे क्षेत्र ६,०९५ चौरस किलोमीटर ठरले. आख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा. तेव्हा हे शेवाळ दगड बनवते यात शंका नाही. प्रश्न आहे तो दगडातला कार्बन कुठून आला, याचा.

इथे आपल्या जुन्या घरांच्या भिंती उपयोगी पडतात. शिंपले भट्टीत भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून गिलावा केला की भिंत महिनोन्महिने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि पुन्हा दगड होते. विरलेल्या चुन्यात स्वतःचा कार्बन नसतो, म्हणून त्याला तो हवेतून घ्यावाच लागतो. शेवाळाचा दगड असाच बनत असेल, असे बहुतेकांच्या मनात असते, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. समुद्रात कॅल्शियमला हवेकडे पाहावे लागत नाही. पाण्यात बायकार्बोनेट आधीच विरघळलेले असते. कॅल्शियमच्या एका कणाला बायकार्बोनेटचे दोन कण लागतात. त्यांतल्या एकाचा कार्बन दगडात जातो, दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात मोकळा होतो. म्हणजे दगड बनताना कार्बन डायऑक्साइड शोषला जात नाही, बाहेर पडतो. भिंत आणि शेवाळ, दोन्हीकडे शेवटी चुनखडीच. पण एक हवेतून घेते, दुसरे हवेकडे ढकलते.

मोकळा झालेला सगळा वायू हवेत जात नाही. समुद्राचे पाणी त्यातला काही भाग जिरवते. उबदार समुद्रपाण्यासाठी ढोबळ प्रमाण असे धरतात की चुनखडीच्या प्रत्येक एका मोलमागे (मोल हे कणांची ठरावीक संख्या मोजायचे माप; चुनखडीचा एक मोल १०० ग्रॅमचा) सुमारे ०.६ मोल कार्बन डायऑक्साइड हवेच्या वाट्याला येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढेल तसे समुद्राचे हे जिरवण्याचे बळ कमी होते आणि हे प्रमाण वर सरकते. गोड्या पाण्यात ते जवळजवळ एकास एक असते.

आता वरचाच आकडा घेऊ. २,२३४ ग्रॅम चुनखडी. तिच्यात १२ टक्के कार्बन, म्हणजे २६८ ग्रॅम. प्रकल्प अहवाल लिहिणारा हाच आकडा उचलतो, त्याला कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलतो आणि चौरस मीटरमागे ९८३ ग्रॅम, हेक्टरी ९.८ टन ‘साठवण’ असे लिहून मोकळा होतो. खरा हिशेब: २२.३४ मोल चुनखडी, गुणिले ०.६, म्हणजे १३.४ मोल, म्हणजे ५९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर. हेक्टरी ५.९ टन. आकडा लहान-मोठा होण्याचा हा प्रश्न नाही. चिन्हच बदलते, जमेची रक्कम नावे पडते.

यावर कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवे, की शेवाळ हिरवे आहे, ते प्रकाशसंश्लेषण करते, त्याचे काय? बरोबर. चुन्यातून सुटलेला काही कार्बन डायऑक्साइड ते तिथल्या तिथे अन्न बनवायला वापरते. म्हणून चुन्याचा आणि मऊ भागाचा हिशेब वेगवेगळा करून मग एकत्र आणावा लागतो. वाळलेल्या सेंद्रिय भागात ढोबळ एक तृतीयांश कार्बन धरला, तर रोपात चुनखडी ८२ टक्के असताना दोन्ही बाजू बरोबर होतात. चुनखडी ८५ टक्के असेल तर वरच्या उदाहरणात सेंद्रिय भाग ३९४ ग्रॅम भरतो, त्यातला कार्बन १३१ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. सुटलेल्या ५९० ग्रॅमपुढे तो अपुरा. चुनखडी ७० टक्के असेल तर सेंद्रिय बाजू ११७० ग्रॅमवर जाते आणि पारडे फिरते. पण त्यालाही एक अट आहे: तो मऊ भाग कायमचा गाडला गेला पाहिजे. उबदार उथळ समुद्रात तसे क्वचितच होते. मासे चरतात, जिवाणू कुजवतात, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो बहुतेक कार्बन पाण्यात परत येतो. दगड मात्र तसाच राहतो, म्हणजे नावेची रक्कम कायम आणि जमेची उडालेली. टिकणे ही एक गोष्ट आणि हवेतून घेणे ही दुसरी. चुनखडी पहिलीत पास आहे, दुसरीत नापास.

हे सगळे शेवटी मोजणीवर ठरते, आणि मोजणीत जिथे जिथे घसरायला होते त्या जागा सांगणे गरजेचे वाटते. महाविद्यालयांच्या प्रकल्पांतही या चुका होऊ शकतात.

वाढ मोजण्याची रुळलेली पद्धत अलिझारिन रेड या रंगाची. रोपावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालून तळाशी सैलसर बांधतात, आत रंगाचे द्रावण सोडतात आणि एक दिवसानंतर पिशवी काढतात. त्या वेळी चुना धरत असलेल्या चकत्या रंगून निघतात. दहा-पंधरा दिवसांनी रोप काढून ब्लीचच्या पाण्यात ठेवले की हिरवा रंग जातो. जुन्या चकत्या गुलाबी उरतात, नव्या पांढऱ्या. त्या वेगळ्या करून ६० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायच्या आणि तोलायच्या. पद्धत सोपी आहे, पण तीत खाचा आहेत. पिशवी भर उन्हात उथळ पाण्यात असेल तर आतले पाणी तापते आणि रोप काही दिवस वाढायचेच थांबते. पिशवी बांधली त्या रात्री फुटलेल्या चकतीत अजून चुना नसतो, ती रंग घेत नाही आणि नंतर ‘नवी’ म्हणून मोजली जाते. या पंधरवड्यात जेवढ्या चकत्या मासे तोडून नेतात किंवा लाटेने गळतात तेवढ्या हिशेबात येतच नाहीत, म्हणून हाती आलेला आकडा नेहमी कमीत कमी वाढ सांगतो. वाळूत रुतणाऱ्या जातींचा बुंधा कांद्यासारखा फुगलेला असतो आणि त्याच्या तंतूंनी वाळू गच्च धरलेली असते. प्रवाळबेटांवरची ती वाळू स्वतःच चुनखडीची. बुंधा न कापता रोप तोलले तर शेवाळाच्या नावावर समुद्रकिनारा तोलला जातो.

पांढऱ्या रंगावरूनही फसगत होते. शेंड्याला पांढरा कोंब म्हणजे रात्रीची वाढ, दुखणे नव्हे. पण सगळे रोप एका रात्रीत पांढरे पडले तर ते बहुधा प्रजनन असते: आतला सगळा हिरवा जीव दीडेक दिवसात युग्मकांत, म्हणजे नर-मादी प्रजनन पेशींत बदलतो, पहाटे पाण्यात सोडला जातो आणि मागे रिकामा सांगाडा राहतो, जो लवकरच विखरून पडतो. काल दाट दिसलेला पट्टा आज गायब, म्हणजे प्रदूषण झाले, असा निष्कर्ष काढण्याआधी रोपांच्या टोकांना हिरव्या पुंजक्यांच्या खुणा आहेत का ते पाहावे.

कार्बन मोजताना सर्वांत महाग पडणारी चूक एकच. वाळलेले शेवाळ कुटून थेट कार्बन-विश्लेषक यंत्रात घातले की यंत्र चुनखडीतला आणि मऊ भागातला कार्बन एकत्र सांगते. यंत्राचा दोष नाही, त्याला विचारलेच तेवढे. सेंद्रिय कार्बन हवा असेल तर नमुना आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात, साधारण पाच टक्के, फेस येणे पूर्ण थांबेपर्यंत ठेवावा लागतो. आम्ल तीव्र घेतले किंवा नमुना त्यात रात्रभर विसरला तर मऊ भागातलेही काही विरघळून वाहून जाते. भट्टीची पद्धत स्वस्त आहे: ५५० अंशांना चार तास ठेवले की सेंद्रिय भाग जळतो, नंतर ९५० अंशांना दोन तास ठेवले की चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड उडतो, या दुसऱ्या घटीला २.२७ ने गुणले की चुनखडी मिळते. पण पहिल्या टप्प्यात भट्टी साडेसहाशेच्या पुढे सरकली तर चुनखडी तेव्हाच फुटू लागते आणि सेंद्रिय भाग फुगून दिसतो. नमुना नीट धुतलेला नसेल तर मीठ ८०१ अंशांना वितळते, ९५० ला उडू लागते, आणि तेही चुनखडीच्या खात्यात जमा होते. धुण्यासाठी गोडे पाणी वापरावे, पण झटपट. तासभर भिजत ठेवू नये.

रोप न तोडता मोजायचे तर पाण्याची क्षारता मोजावी. क्षारता म्हणजे खारेपणा नव्हे, आम्ल जिरवण्याची पाण्याची ताकद. चुनखडीच्या एका मोलमागे पाण्याची क्षारता दोन एककांनी घटते. एक लिटरच्या बरणीत ती २,३०० वरून २,१०० मायक्रोसममूल्य (क्षारतेचे एकक) झाली तर १०० मायक्रोमोल, म्हणजे १० मिलिग्रॅम चुनखडी बसली. सोबत शेवाळ नसलेली एक बरणी हवीच, नाहीतर बाष्पीभवनाने झालेला बदल शेवाळाच्या नावावर जातो. शिवाय एक फेरी रात्रीची हवी. दिवसाच्या सहा तासांचा आकडा चौपट करून ‘दररोज’ म्हणणे ही सरळसरळ फुगवणूक आहे. अंधारात चुना बसण्याचा वेग खूप खाली येतो, कधी थोडा चुना उलट विरघळतोही.

याच हिशेबातून टाकीत हे शेवाळ वाढवण्याच्या कल्पनेचेही उत्तर मिळते. एक ग्रॅम चुनखडीला ०.४ ग्रॅम कॅल्शियम लागते, ते साधारण एक लिटर समुद्रपाण्यात असते. क्षारता मात्र २० मिलिसममूल्य लागते, ती जवळजवळ नऊ लिटर पाण्यात असते. म्हणून बंद टाकीत वाढ थांबते ती कॅल्शियम संपल्यामुळे नव्हे, क्षारता संपल्यामुळे. ती भरून काढायला विरलेला चुना ओतला, तर तो चुना कुठल्या तरी भट्टीतून आलेला असतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड तिथे आधीच हवेत गेलेला असतो.

आता गोव्याचे. हॅलिमेडाची दाट कुरणे आपल्या किनाऱ्यावर नाहीत. हणजूण, वागातोर, काब दे रामच्या खडकांवर ओहोटीला दिसतात ती सरगॅसम, उल्वा, कॉलर्पा, हिप्निया, पावसाळ्यात पॉर्फिरा, आणि चुना धरणाऱ्यांपैकी लाल रंगाची अँफिरोआ, जेनिया, तसेच पंख्याच्या आकाराची तपकिरी पॅडिना. हॅलिमेडाला वर्षभर उजेड आणि खारेपणा लागतो. इथे जून ते सप्टेंबर मांडवी-झुवारीतून गढूळ गोडे पाणी येते, तळाला उजेड पोचत नाही, खारेपणा घसरतो. शिवाय पावसाळ्याच्या उत्तरार्धात खोलातले थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षे याच्या नोंदी ठेवल्या आहेत. त्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त आणि पीएच कमी असतो, आणि अरागोनाइट ही चुनखडीची कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळणारी जात. ग्रँड आयलंडभोवती प्रवाळ तग धरून आहेत हे खरे, पण तग धरणे वेगळे आणि पंधरा दिवसांत दुप्पट होणे वेगळे.

मग बाहेरून आणून लावू, हा पुढचा प्रस्ताव येतो. तो तिथेच थांबवावा. हॅलिमेडाच्या दोन-चार चकत्यांचा तुकडाही वाळूवर पडला तर मुळासारखे तंतू सोडून नवे रोप होऊ शकते. अटलांटिक उष्ण कटिबंधातली हॅलिमेडा इनक्रासाटा भूमध्य समुद्रात मायोर्का बेटाजवळ २०११ मध्ये पहिल्यांदा दिसली आणि नंतर तिथल्या वाळूवर पसरत गेली. आपल्या देशातले उदाहरण कॅपाफायकसचे: रोजगारासाठी लावलेले हे शेवाळ मन्नारच्या आखातात क्रुसडाई बेटाच्या प्रवाळांवर चढल्याची नोंद २००८ मध्ये झाली. दोरीवरून सुटलेला तुकडा परत बोलावता येत नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्याचा हॅलिमेडाशी संबंध आहे, तो जुना आणि खोल पाण्यातला. मुंबई-सौराष्ट्रासमोर खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या कमी खोल समुद्रतळाच्या) बाहेरच्या भागात पन्नास वावांचे सपाट पठार म्हणून ओळखली जाणारी जागा आहे. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. तिथल्या बुडालेल्या हॅलिमेडा-टेकड्यांचे वर्णन दोनापावल्याच्याच शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. हिमयुग सरून समुद्र वर येत होता तेव्हा तिथे पाणी उथळ होते, उजेड पोचत होता आणि हे शेवाळ ढीग रचत होते. समुद्र आणखी चढला आणि ते बुडाले. हजारो वर्षांनंतरही तो दगड तिथेच आहे. साठा टिकतो याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. तो बनताना हवेतून काही घेतले गेले, याचा मात्र तो पुरावा नाही.

याचा अर्थ हॅलिमेडा निरुपयोगी, असा कृपया कुणी काढू नये. लक्षद्वीपसारख्या बेटांची वाळू प्रवाळांच्या चुऱ्यासोबत अशाच चकत्यांनी बनते, आणि समुद्र चढत असताना वाळू पुरवणारे शेवाळ हे बेटांसाठी सोन्याच्या मोलाचे. त्याचे मोल वाळूत मोजावे, कार्बन क्रेडिटमध्ये नव्हे. गोव्याला किनारी कार्बनचा विचार करायचा असेल तर तो खारफुटी आणि खाजनांच्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या जमिनींच्या) चिखलापासून करावा. तिथला कार्बन सेंद्रिय आहे, पाण्याखालच्या प्राणवायूविना असलेल्या गाळात तो कुजत नाही, आणि मानस (खाजनाच्या बांधातले पाण्याचे दार) मोडून किंवा भराव टाकून गाळ उघडा पडला की तो सुटतो, म्हणून जपण्यालाही अर्थ आहे. वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गोव्याची खारफुटी २७ चौरस किलोमीटर आहे. तिथेही गाळात कालवांचे आणि खुब्यांचे शिंपले असतात, तेव्हा आम्लाची चाचणी तिथेही टाळता येत नाही.

चुनेदार शेवाळाचा कुठलाही प्रस्ताव पुढे आला तर त्यात चुनखडीची टक्केवारी वेगळी दिली आहे का, हे आधी पाहावे. नुसता ‘एकूण कार्बन’ लिहिला असेल तर पुढची पाने वाचायची गरज नाही.

शाळांना हे वर्गातच दाखवता येईल. पावसाळा सरल्यावर भरतीने किनाऱ्यावर टाकलेली अँफिरोआ किंवा पॅडिना वेचावी. खडकावरून खरवडू नये. वाळू झटकून गोड्या पाण्यात पटकन खळबळावी आणि ओव्हनमध्ये ६० अंशांना वाळवावी. नुसत्या उन्हावर इथल्या दमट हवेत वजन स्थिर होत नाही, आणि वाळलेला नमुना उघडा ठेवला तर तो तासाभरात पुन्हा ओल धरतो; तोलेपर्यंत डबा घट्ट बंद ठेवावा. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा पुरतो. दोन ग्रॅम नमुन्याला १०० मिलिलिटर साधे व्हिनेगर घ्यावे, म्हणजे आम्ल कमी पडत नाही. बरणीचे झाकण लावू नये: दोन ग्रॅम चुनखडीतून जवळजवळ अर्धा लिटर वायू निघतो आणि बंद बाटली फुटू शकते. व्हिनेगर हे दुबळे आम्ल, फेस संथ असतो, म्हणून इथे एक रात्र ठेवावे. सकाळी दोन थेंब ताजे व्हिनेगर टाकून बुडबुडे येत नाहीत ना, ते बघावे. उरलेला मऊ भाग कॉफीच्या गाळणकागदावर घेऊन तीनदा पाण्याने धुवावा, कारण चुना आणि व्हिनेगर मिळून झालेला क्षार त्यात अडकून राहिला तर चुनखडी कमी भरते. गाळणकागदाचे वजन आधी करून ठेवायला विसरू नये. तो वाळवून तोलला की गेलेले वजन चुनखडीचे. पॅडिना आणि अँफिरोआ शेजारी शेजारी केली तर दोन्हींच्या आकड्यांतला फरक मुलांना स्वतःच दिसेल.

आपले,
सागरी शैवालांचे काही अभ्यासक
तिसवाडी, गोवा